टाकीतली पाच पोरं

सुरुवातीलाच सांगून ठेवते. मी खोटं बोलत नाही, फक्त खरं वाढताना वरून तूप जरा सढळ हातानं सोडते. पण या गोष्टीत मी मुळातच एवढं खोटं बोललेली आहे, की आता वरून काही घालायला जागा उरलेली नाही. तेव्हा निर्धास्त वाचा.

जामखेडच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात कुणा भल्या माणसानं दिलेला एक टीव्ही होता. काळापांढरा. इतका जुना, की बटण दाबल्यावर चित्र यायच्या आत स्वयंपाकाच्या मावशी कुकर लावून, तीन शिट्ट्या घेऊन, पदराला हात पुसत परत यायच्या. नव्वदीचं दशक अर्धं सरलं होतं आणि गावात केबल नुकती आली होती. आमची गच्ची त्या भागात सगळ्यात उंच, म्हणून केबलवाल्यानं आपली डिशची छत्री आमच्या गच्चीवर बसवली आणि त्या बदल्यात एक वायर आमच्या हॉलमध्ये सोडली. छत्री केवढी, तर तिच्याखाली आठवीची तुकडी बसली असती आणि गैरहजर मुलींनाही जागा उरली असती.

वसतिगृहाच्या बाईंचा नियम कडक होता. रविवारी सकाळी न्हाणं, वेणीफणी, खोल्या झाडणं झालं की दहा ते साडेदहा टीव्ही. त्या अर्ध्या तासात जे लागेल ते बघायचं, चॅनल बदलायचं नाही. आणि बरोबर दहाला लागायचं एक इंग्रजी कार्टून.

आम्ही बेचाळीस मुली. एकमेकींना गावाच्या नावानं हाका मारायची पद्धत होती: खर्ड्याची, नान्नजची, हळगावची. मी अरणगावची. बहुतेकींचे आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचे. मधले पाच-सहा महिने आम्ही बाईंच्या स्वाधीन. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं, पण ते पुस्तकात गप्प बसून असायचं. टीव्हीतल्यासारखं नाकातून पळायचं नाही. त्यामुळं कार्टूनला दुभाषी लागली, आणि ती मी झाले.

का झाले? तर मी मागं कधीतरी सांगितलं होतं की मी पुण्याला मावशीकडं राहून आले आणि तिच्या शेजारी एक गोरी बाई राहायची, तिच्याशी माझं इंग्रजीत बोलणं व्हायचं. पुण्याला मी राहिले होते हे खरं. आठ दिवस. त्यातले सहा दिवस मी तापानं फणफणून पडले होते. गोरी बाई बहुधा त्या तापात आली असावी.

दुभाषीपणाबरोबर रंगांचं खातंही माझ्याकडंच होतं. टीव्ही काळापांढरा, मग कुणाच्या अंगात कुठला रंग हे कुणीतरी ठरवायला नको? "हिचा झगा डाळिंबी हाय," मी म्हणायची, आणि बेचाळीस जणींना तो डाळिंबी दिसायचा. एकदा मी एकाच पोराला दोन रविवारी दोन रंग दिले. नान्नजचीनं पकडलं. "परवा तर जांभळा म्हनली हुतीस." मी म्हटलं, "धुवायला टाकलाय." ते पटलं.

आता कार्टूनविषयी. मागच्या वर्षी हेच कार्टून जुन्या रूपात लागायचं. त्यात पाच दांडगे बाप्ये आणि बाया, छात्या पाटलाच्या दरवाज्याएवढ्या, खांद्याला पांघरूण बांधलेलं, आणि चड्डी पँटीच्या वर घातलेली. शहरात महालात राहायचे, दर रविवारी जग वाचवायचे आणि शेवटी कमरेवर हात ठेवून हसायचे. त्या वर्षी दिवाळीनंतर पाहिलं, तर तेच पाच जण, पण पंधरा-सोळा वर्षांचे. काटकुळे. महाल गेला, पांघरुणं गेली. गावाबाहेर एका उंच गोल इमारतीत राहायला आलेले.

खर्ड्याची म्हणाली, "ही त्यांची पोरं असतील."

"पोरं कशाला," कोपऱ्यातून आवाज आला. "तीच माणसं हायेत. त्या दगडी हाताच्या बाईच्या भुवईवर वण हुता, हिच्या बी हाय बघ. लहान केल्यात."

"लहान कशापायी करतील?"

त्याचं उत्तर मावशींनी दिलं. त्या दारात तांदूळ निवडत बसायच्या आणि टीव्हीकडं बघत नसल्याचं दाखवायच्या. "आगं, जुन्या लुगड्याचं कापड चांगलं असतं. मग त्यातनं पोरीला परकर शिवत्यात." पुढं आयुष्यात मी मोठमोठ्या लोकांना जुन्या गोष्टी नव्यानं का सांगतात यावर बोलताना ऐकलं. मावशींच्या परकरापुढं कुणी गेलं नाही.

कोपऱ्यातून वण ओळखणारी ती साकतची. नववीत, माझ्याच वर्गात, माझ्या शेजारच्या गादीवर. उंच, बोलायला कमी, आणि पायाला भोवरा. दिवाळीनंतर महिनाभरात दोनदा पळून गेली होती. आईबाप कुठल्या कारखान्याच्या तळावर आहेत ते तिला पक्कं माहीत होतं. एकदा स्टँडवर कंडक्टरनं ओळखून परत आणली. दुसऱ्यांदा पार नगरपर्यंत पोचली होती. बाईंनी तिला सगळ्यांसमोर उभं केलं आणि आवाज न चढवता सांगितलं, "तिसऱ्यांदा गेलीस तर मी शोधायला माणूस पाठवणार नाही. नाव कमी करीन आणि दाखला घरी पाठवीन. मग तिकडं पाचटाच्या कोपीत बस, धाकट्या भावाला सांभाळ, आणि पुढच्या साली हातात कोयता घे." मग माझ्याकडं वळल्या. "आणि तू. दिवसभर तोंडाचा पट्टा चालू असतो ना तुझा? हिला बोलण्यात गुंतवून ठेव. ही गेली तर तुला विचारीन."

माझ्या वक्तृत्वाला आयुष्यात मिळालेलं हे पहिलं सरकारी काम.

नव्या मालिकेच्या पहिल्या रविवारी पहिलाच देखावा असा: पाच पोरं गाठोडी घेऊन एका वाटेनं निघालीत, मागं गावाच्या वेशीवर मोठी माणसं कंदील घेऊन उभी. एक बाई पुढं होऊन पोरीला काहीतरी म्हणते. त्यातला एकच शब्द सगळ्यांना कळला, "गो." मग पोरं चालत त्या उंच गोल इमारतीपाशी येतात, आणि एक म्हातारी दार उघडते.

"ही कसली बिल्डिंग?" हळगावची.

मला काय माहीत. पण दुभाषीनं अडखळायचं नसतं. जामखेडला उंच आणि गोल अशी एकच गोष्ट होती. "पाण्याची टाकी," मी म्हटलं.

"मग भवतीनं एवढं पाणी कशाचं?"

"टाकी गळती."

बेचाळीस माना डोलल्या. गळणाऱ्या टाक्या आम्ही जन्मापासून पाहत आलो होतो. वर फिरणारा दिवा दिसला, तेव्हा मी न विचारताच सांगून टाकलं की वॉचमन बॅटरी मारतोय. आणि ती म्हातारी म्हणजे तिथल्या बाई. पाच पोरं, एक इमारत, एक बाई, मोजून वाढलेलं जेवण. हे वसतिगृह आहे हे सांगायला तर इंग्रजीही लागलं नाही.

तेवढ्यात साकतचीनं मला विचारलं, "ह्यांचे आईबाप कुठं गेले?"

बाई दारातच उभ्या होत्या. माझ्याकडं बघत होत्या.

"कारखान्याला," मी म्हटलं.

"ती बाई काय म्हनली तिला? गो म्हनली न्हवं?"

"गो म्हंजे येतो. निघताना आपन येतोच म्हनतो ना. जातो म्हनत नसत्यात."

"आन परत कधी येनार?"

"पट्टा पडल्यावर. शेवटच्या भागात येत्यात. तसं आधीच सांगितलंय त्यांनी."

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी सतरंजीवर येऊन बसली. त्याच्या पुढच्याही. मी हिशेब ओळखला. शेवटचा भाग बघितल्याशिवाय ही कुठं जात नाही.

आता गुणदोषाचं बोलायचं, तर नव्या कार्टूनचा मोठा गुण हा, की त्यात कुणालाच काही धड जमायचं नाही. जुन्यात दगडी हाताची बाई हवं तेव्हा हात दगडाचे करायची आणि डोंगर फोडायची. नव्यात पोरीला राग आला की हात आपोआप दगड व्हायचे आणि मग ताट धरता यायचं नाही. बाकीची पोरं तिला भरवायची. एका पोराला चार कोसांवरची कुजबूज ऐकू यायची, म्हणून गाव त्याच्याविषयी काय बोलतं ते सगळं त्याला कळायचं आणि तो कानात बोळे घालून बसायचा. एक पोरगा काजव्यासारखा अंधारात लकाकायचा, त्याला लपाछपीत कुणी घेत नव्हतं. एकाचा आवाज फुटला की काचा फुटायच्या. आणि एक मुलगी लाज वाटली की दिसेनाशी व्हायची. आमच्यातल्या निम्म्या जणींना तर ती आपली सख्खी बहीण वाटायची, कारण पाहुणे आले की आम्हीही भिंतीत जायचो, फक्त पुरत्या जात नव्हतो.

दुसरा गुण चित्रांचा. जुन्या चित्रात माणसं फळ्यासारखी ताठ. नव्यात चितारणाऱ्यानं पोरांचे खांदे असे काढले होते, की पाठमोरी असली तरी कुणाला भूक लागली आणि कुणाला घर आठवलं ते समजायचं. शब्द न कळणाऱ्या माणसाला हे लवकर दिसतं.

दोष? दोषही होते. पळायचा प्रसंग आला की मागून तेच झाड यायचं. खर्ड्याचीनं मोजलं, एका पळण्यात ते सात वेळा आलं. ती म्हणाली, "पळत न्हाईत, झाडाभवती फेऱ्या घालत्यात. वडाची पुनव हाय." शत्रू म्हणाल तर अगदीच टाकाऊ. दर रविवारी यायचा, मार खायचा आणि पुन्हा येईन असं बजावून जायचा. मी त्याला टँकरवाला केलं होतं, टाकीतलं पाणी चोरायला येणारा. त्यानं त्याची जरा तरी किंमत वाढली. आणि मारामारी फार. जेवणाचा देखावा कुठं रंगात यायला लागला की याचं विमान आलंच.

असं जानेवारीपर्यंत चाललं. मग शाळेत पाठ घ्यायला बी.एड.च्या मॅडम आल्या. नगरच्या, इंग्रजीच्या, दोन बोटांत खडू धरायच्या आणि तळहाताला धूळ लागू द्यायच्या नाहीत. त्यांची राहायची सोय बाईंनी आमच्याकडंच केली. पहिल्याच रविवारी त्या हॉलमध्ये खुर्ची टाकून बसल्या. मी म्हटलं, मॅडम, तुम्ही दमला असाल, आराम करा. म्हणाल्या, छे गं, मला आवडतात कार्टून.

त्या दिवशी पहिल्या भागातला तो वेशीवरचा देखावा पुन्हा दाखवला. कार्टूनमधल्या एका पोराला तो आठवत होता. मी नेहमीच्या उत्साहात सुरू केलं, "बघा, कारखान्याला निघाले."

मॅडमनी मान वळवली. "कोण कारखान्याला?"

हॉलनं एका सुरात सांगितलं, "त्यांचे आईबाप."

"अगं नाही," मॅडम हसून म्हणाल्या. मनानं चांगल्या होत्या, वाईट हेतू नव्हता. "त्या पोरांना गावानं हाकलून दिलंय. ती वेगळी आहेत ना, लोकांना त्यांची भीती वाटते. आईवडिलांनीच सांगितलं, जा. परत येऊ नका."

"आन टाकी?" हळगावचीनं विचारलं.

"टाकी नाही, दीपगृह. मागं समुद्र आहे."

एवढा समुद्र बेचाळीस जणींपुढून दोन महिने वाहत होता आणि मी तो गळतीत जमा केला होता. नान्नजचीनं माझ्याकडं पाहिलं. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी त्यातूनही वाट काढली असती. पण मी साकतचीकडं बघत होते. ती उठली आणि खोलीकडं गेली.

पाच मिनिटांनी मी खोलीत गेले, तर तिची पत्र्याची पेटी जागेवर नव्हती.

स्टँडपर्यंत मी जी धावले, ती धाव नोंदवायला कुणी असतं तर आज माझ्या नावानं शाळेत ढाल असती. चप्पल एक पायात, एक हातात. साकतची नगरच्या फलाटाला पेटीवर बसली होती.

"कुठं निघालीस?"

"तुला काय करायचंय, पुन्याच्या पंडिते."

मी शेजारी बसले. धाप लागली होती, त्यामुळं पहिलं बोलणं तिच्याकडं गेलं.

"खोटं सांगितलंस," ती म्हणाली.

"व्हय."

"समदंच?"

"रंग बी."

"रंग बी?" तिनं माझ्याकडं वळून पाहिलं. "ती डाळिंबी?"

"काय की. हिरवी बी असंल."

तिच्या ओठाचा कोपरा जरा हलला आणि परत जागेवर गेला. समोर रसवंतीवाला चरकाला तेल घालत होता. मी म्हटलं, "बाई नाव कमी करतील. सगळ्यांम्होरं सांगितलंय त्यांनी. आन मग खरंच कोयता येईल हातात."

"येऊ दे."

"मॅडमचं मनाला लावून घेऊ नको. कार्टूनच हाय ते."

"मॅडमचं बी खोटं हाय," ती म्हणाली.

"त्या बी.ए. झाल्यात गं."

"हूं दे की. मला सांग, हाकलायला कंदील घेऊन येतं का कुनी? हाकलायचं तर काठी आनत्यात. कंदील आनायचा तो वाटंला उजेड पडावा म्हणून. पार वेशीपतुर आलेत. शत्रूला कुनी वेशीपतुर कंदील दाखवतं का?"

मी हातातली चप्पल खाली ठेवली.

"आन ती 'गो' म्हनली, तवा तिचं तोंड बघितलंस का? पदर तोंडात धरल्यागत हात धरलाय तिनं. माझी आय बी मला इथं सोडताना म्हनली, जा आता आत, जा. दोनदा म्हनली. मी आत जाईस्तवर तिला ट्रकात बसता येईना. मग ते काय हाकललं का?" ती बोटानं पेटीवरचा गंज खरवडत होती. "चितारनाऱ्याला म्हाईत हाय बघ. लिहिनाऱ्याला न्हाई. लिहिनाऱ्याला वाटतं, पोरं एकली राहत्यात म्हंजी आईबापानं टाकलीच असनार. त्याला कामाला जानं म्हाईतच न्हाई."

मी आजवर पुष्कळ परीक्षणं वाचली, काही लिहिलीसुद्धा. त्या कार्टूनवर याहून नेमकं बोललेलं माझ्या कानावर आलेलं नाही.

"त्यांना सांगाया पाहिजे कुनीतरी," ती म्हणाली.

"सांग की. पत्र टाक."

"इंग्रजीत लागंल."

"लागंलच."

"तू लिहिशील?"

इथं माझ्या जिभेवर गोरी बाई आली होती. मी तिला मागं ढकललं. "मला येत न्हाई," मी म्हटलं. "मला तुझ्याएवढंच येतं. त्यातलं बी थोडं कमी."

नगरची गाडी आली. लोक खिडकीतून टोप्या-पिशव्या टाकून जागा धरायला लागले. ती उभी राहिली. पेटीची कडी हातात धरली. कंडक्टरनं विचारलं, "येताय का पोरींनो?" तिनं गाडीकडं पाहिलं, मग पेटीकडं, मग माझ्या एका पायातल्या चपलेकडं.

"मॅडम किती दिवस हायेत?" तिनं मला विचारलं.

"महिनाभर."

"ही गाडी जाऊ दे," ती म्हणाली.

येताना पेटी आम्ही दोघींनी दोन बाजूंनी धरली होती. फाटकात बाई उभ्या. मी तोंड उघडलं आणि देवाशप्पथ सांगते, खोटं आपोआप बाहेर आलं. "बाई, पेटीची कडी तुटली हुती. नीट करायला नेलती."

"रविवारी? दुकान उघडं होतं?"

"एकच हुतं."

बाईंनी पेटीकडं पाहिलं. कडी जन्मात कधी तुटलेली नव्हती. "झाली का नीट?" त्यांनी साकतचीला विचारलं.

"व्हय बाई."

"आता परत मोडू नका," असं म्हणून बाई आत गेल्या.

त्या महिन्यात साकतचीनं मॅडमना सळो की पळो करून सोडलं. मॅडम दात घासत असताना ही वही घेऊन उभी. 'टाकून देणे' आणि 'ठेवून जाणे' याला इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत का, हे तिला आधी पाहिजे होतं. आहेत म्हटल्यावर तिला एवढा आनंद झाला, की इंग्रजांविषयी तिचं मत तिथून सुधारलं. पत्रात गुण आधी की दोष आधी, यावर हॉलमध्ये दोन तट पडले. नान्नजचीचं म्हणणं, आधी झाडाचं लिहा. मावशी म्हणाल्या, पाहुण्याला आधी पाणी द्यावं, मग भांडावं. म्हणून गुण आधी आले: पोरांना काही जमत नाही हे चांगलं दाखवलंय, भरवण्याचा देखावा चांगला, खांदे चांगले. मग झाड, मग शत्रू, मग आईबाप.

पत्ता हा वेगळाच पराक्रम. कार्टून संपल्यावर नावं पळायची, त्यात शेवटी कंपनीचा पत्ता असायचा, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. मी पाच जणींना एकेक ओळ नेमून दिली. सहा रविवार लागले. एका ओळीत आकडे होते, ते दोघींना दोन वेगळे दिसले. शेवटी मतदान घेतलं.

मॅडम गेल्या. जाताना इंग्रजी व्याकरणातल्या काळांचं एक पुस्तक तिला देऊन गेल्या आणि मला म्हणाल्या, "तुझं समुद्राचं भाषांतर मी विसरणार नाही." मार्चमध्ये शेवटचा भाग लागला. त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. हॉल टीव्हीकडं आणि माझ्याकडं आलटून पालटून बघत होता. अर्धा तास मारामारी झाली, शत्रू हरला, पाच पोरं दिव्यापाशी उभी राहिली आणि संपलं. आईबाप आले नाहीत. त्यांचं साधं नावही कुणी काढलं नाही. एवढी मालिका उभी करून लिहिणारा शेवटी त्यांना विसरूनच गेला, हा सगळ्यात मोठा दोष. मी साकतचीकडं बघायचं टाळत होते. ती वहीत काहीतरी लिहीत होती.

पट्टा पडला तसा तिचा बाप आला. ट्रक कोपऱ्यावर उभा, वर कोप्यांचे बांबू, भांडी, कोंबड्या, माणसं. तो एकटा उतरून फाटकाशी आला. वार्षिक परीक्षा पंधरा दिवसांवर होती, म्हणून तिला आत्ता नेता येणार नव्हतं. पायरीवर बसून तो पाणी प्यायला. उसाच्या पात्यानं हात रेघारेघांनी भरले होते. तिनं वही उघडून त्याला पत्र दाखवलं आणि मराठीत सांगत गेली. त्यानं सगळं नीट ऐकलं. झाडाच्या मुद्द्याला तो हसला.

"म्हंजी त्यांनी दावलं, की आईबापानं हाकललं," तो म्हणाला.

"व्हय."

"आन तू काय लिहिलंस?"

"की हाकललं न्हाई. कामाला गेले."

त्यानं विचार केला. "एवढ्यानं त्याला कळनार न्हाई. त्याला लिही, आमी निघताना जातो म्हनत न्हाई. येतो म्हनतो. आन येतो."

तो ट्रककडं जायला उठला. जाताना पायरीवरून उतरून, पाठ न वळवता म्हणाला, "येतो गं."

मग आमचं भांडण झालं. त्या वाक्यातलं शेवटचं 'येतो' इंग्रजीत कसं घालायचं? मी म्हटलं, वुई आर कमिंग. ते जास्त इंग्रजी वाटतं. तिनं मॅडमचं पुस्तक उघडून माझ्या नाकासमोर धरलं. साधा वर्तमानकाळ: नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी. "दर साली येत्यात," ती म्हणाली. "एकदा न्हाई." आणि तिनं तिच्या सरळ, जरा मागं झुकलेल्या अक्षरात लिहिलं: वुई कम.

पत्राचं उत्तर आलं का, असं मला लोक विचारतात. मी माणूस बघून सांगते. कुणाला सांगते, उत्तर आलं, रंगीत चित्र आलं, त्यात झगा डाळिंबी निघाला. खरं असं की काही आलं नाही. पोचलं तरी असेल की नाही, कुणास ठाऊक. आकड्यांचं तर मतदानच घेतलं होतं. पण त्या परीक्षेत तिला इंग्रजीत माझ्यापेक्षा अकरा मार्क जास्त पडले आणि मी पुण्याचं नाव काढणं कायमचं बंद केलं. पुढच्या दिवाळीनंतर ती वसतिगृहात होती, त्याच्या पुढच्याही. तिच्या पेटीची कडी नंतर कधी तुटली नाही.

परीक्षेच्या शेवटच्या दिवशी भूगोलाचा पेपर होता. अकराला सुरू, दोनला सुटणार. साडेबाराच्या सुमारास मी खिडकीतून बाहेर पाहिलं, कारण मला भूगोलाचं काही आठवत नव्हतं. तिचा बाप फाटकाबाहेर लिंबाखाली उभा होता. धुतलेला सदरा, डोक्याला नवी टोपी.

सुटल्यावर वर्गाबाहेर ठेवलेल्या पेट्या उचलून आम्ही बाहेर आलो. मी त्याला म्हटलं, "काका, दोनला सुटनार हुतो. एवढ्या लवकर येऊन उनात उभं कशाला राहायचं?"

तो लेकीच्या हातातली पेटी घेत म्हणाला, "पत्रात लिहून बसलोय न्हवं, येतो म्हणून."